पाना फिरत नाही

"फरशी पुसा," साहेब म्हणाला. साहेब म्हणजे मालकाचा मुलगा. मला म्हणाला.

फरशीवर माझाच नकाशा होता. खडूचा, पूर्ण मापाचा. काचेच्या खोलीतून नवी पोरं बघत होती. मी वाकलो. गुडघे वाजले. ओल्या फडक्यानं माझीच रेघ मी पुसली.

मग तो सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "आबा, बायको गेली तुमची. डोकंपण तिच्यासोबत गेलं का?"

कोणीतरी हसलं. तिला जाऊन महिना झाला नव्हता.

मी सातवी नापास. जळगावात लोखंडी शेड बनवणाऱ्या या कारखान्यात म्हातारा झालो. कोणताही जोड आधी फरशीवर खडूनं काढायचा, तिथं बसून हातात पाना घेऊन बघायचा, ही आमची रीत. मोठे मालक होते तेव्हा एका टेबलावर एक जुना, एक नवा. माझ्या शेजारी धुळ्याची एक पोरगी, कॉम्प्युटरवर नकाशे काढणारी. खूप भांडायचो. पण तिला समजावता समजावता मलाच माझी चूक दिसायची. एकदा छताचा उतार मी चुकवला, तिनं पकडला. त्या काळात साईटवरून माल परत येणंच बंद झालं होतं.

मालक गेले, मुलगा आला. म्हणे, जुनी माणसं नव्यांचा वेग मारतात. नवे काचेत, आम्ही बाहेर. त्यांनी आम्हाला काही विचारायचं नाही. सही मात्र माझीच लागायची, 'तपासलं' म्हणून.

आणि हे काम साक्रीकडच्या आठवडे बाजाराचं. लांब शेड, पश्चिमेला उघडी. वारा शिरला की छत वर उचलणार. सगळी पकड खांबाच्या पायातल्या बोल्टांची. कागदावर सगळं नीट बसत होतं. मी फरशीवर काढलं, पाना ठेवला. बोल्ट आणि खांबामध्ये पाना फिरायला जागाच नाही. फिटर काय करणार? बोटानं नट लावणार आणि जेवायला जाणार. तरुणपणी मीही तेच केलंय.

धुळ्याची पोरगी चहाला बाहेर आली. बघितलं, खाली बसली, पाना स्वतः धरून बघितला. बोल्टाच्या खुणेवर बोट ठेवून हळूच म्हणाली, "आबा, आठे पाना फिरत नही."

तेवढ्यात साहेब आला. मग ती फरशी.

पुसून झाल्यावर त्यानं कागद पुढे केला. सही करा म्हणाला. हाताला अजून खडूचं पाणी होतं. अशा किती कागदांवर मी मान खाली घालून सह्या केल्या. घरी येऊन चिडचिड करायचो, तर बायको म्हणायची, "आते तरी बोला." दवाखान्यातही म्हणाली. लहानपणी त्याच बाजारात ती आईजवळ बसून शेंगा विकायची.

मी पेन खिशात घातलं.

"पाना फिरवून दाखवा. मग सही करतो."

"उद्यापासून येऊ नका."

काचेत परत गेलेल्या धुळ्याच्या पोरीनं मान खाली घातली. तिचा राग नाही आला. मी तशीच मान घालून जन्म काढला.

दुसऱ्या कोणाची तरी सही घेऊन शेड उभी राहिली. मी एसटीनं गेलो. भर बाजार. खांबाला टेकून एक म्हातारी मिरच्या मांडून बसली होती. मी वाकून नटाला हात लावला. दोन बोटांत फिरला. दुसरा फिरला. तिसराही. पश्चिमेला आभाळ पिवळं झालं होतं. वर पत्रा कुरकुरला.

ग्रामपंचायतीत सांगितलं. बघू म्हणाले.

तेव्हापासून दर बाजाराला जातो. प्रत्येक खांबावर खडूनं लिहितो, नट ढिला आहे, इथं बसू नका. बाया शिव्या देतात, ऊन लागतं म्हणतात. खडू कोणीतरी पुसतं. मी परत लिहितो. ती म्हातारी हलत नव्हती, तिचं मिरच्यांचं पोतं मीच ओढत उन्हात नेलं.

पुसायचं काम माझं संपलं. त्या बोल्टांवर पाना फिरेपर्यंत त्या छताखाली मी कोणाला बसू देणार नाही.