सूनबाई म्हणली, विळीवर कापलं

बायांनो, फोनात बोलून लिवतीया, चुकलं तर हसू नका.

आमची सून बावड्याला डाळिंबाच्या पॅकिंगला जाती. आज मशिनीत तिचा हात सापडला, टाके पडले. आन् ही डॉक्टरला सांगती, "घरी विळीवर कापलं." का, तर मुकादम तिच्या माहेरचा, त्याला राखी बांधती, त्याच्यावर ठपका यायला नको!

मी म्हणलं, "कामावर लागलंय, तसंच लिवा सायेब."

डॉक्टर हसले, "बरं केलंत आजी. न्हायतर दवाखान्याचा खर्च आन् घरी बसल्याचा पगार मागणं अवघड झालं असतं."

तेवढ्यात मुकादम आला. "ताई, मीबी कंपनीत जे झालं तेच खरं कळवलंय." मग कुठं पोरगी रडली.

आत्ता तिला मीच घास भरवला. लाजत लाजत दोन भाकरी खाल्ल्या. तुमच्याकडं कुणाला सांभाळून घ्यायला असं खोटं सांगत्यात का?