चारशे वर्षांचा गंज

गंज ही वाईट गोष्ट आहे, असं मी चौतीस वर्षं पगार घेऊन सांगत आलो. पाइपलाइन, पूल, पाण्याच्या टाक्या, जिथे गंज दिसला तिथे मी तो काढला. निवृत्त झालो तेव्हा कंपनीने त्याबद्दल मला (स्टेनलेस स्टीलचं) घड्याळही दिलं. मग बिलच्या तलवारीवरून सगळे मलाच का बोलतात?

बिल म्हणजे आमचा इथला, ओहायोतल्या डब्लिनमधला शेजारी. त्याच्या वडिलांनी महायुद्धानंतर जपानहून एक तलवार आणली होती. ती ज्या घरातली, त्या घरी परत जावी, हा बिलचा ध्यास. ती कोणी आणि कधी घडवली हे कळलं तर घराणं शोधता येणार होतं, म्हणून मोरी नावाचे जाणकार तिची पारख करायला येणार होते. मध्येच बिलच्या तळघरात पाणी शिरलं आणि तलवार चार दिवस आमच्याकडे मुक्कामाला आली.

नेमकी त्याच चार दिवसांत खंडेनवमी! आता मला सांगा, इतकी वर्षं अमेरिकेत मी शस्त्रपूजा म्हणून स्क्रूड्रायव्हर, लॅपटॉप आणि झुडपं कापायच्या मशीनला फुलं वाहतोय. खरं शस्त्र आपल्या पायांनी घरी आलं, आणि ते मी कपाटात ठेवू?

"अहो, दुसऱ्याची वस्तू आहे, हात लावू नका," असं माझी बायको माधुरी म्हणाली होती. (हे ती आता रोज सांगते.) मी नुसता हातच लावला. मुठीतली बांबूची खुंटी सैल होती. ती निघाली, पाठोपाठ मूठ निघाली, आणि पाहतो तर काय, पात्याचा मुठीत लपलेला भाग काळाकुट्ट गंजलेला! देवापुढे असं शस्त्र ठेवायचं? आधी चिंच आणली, मग मीठ, शेवटी गॅरेजमधला तारेचा ब्रश. दोन तासांत तो भाग नव्या चमच्यासारखा लखलखला. नोकरीतल्या सवयीप्रमाणे मी आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकले. भरपूर अंगठे आले.

शनिवारी बिलच्या घरी मोरी आले. त्यांनी आधी तलवारीला वाकून नमस्कार केला. मला माणूस फारच आवडला. पात्यावर श्वासाची वाफसुद्धा पडू नये म्हणून ते तोंड मिटून बघत होते. (मी त्याच पात्यावर ओल्या कुंकवाची बोटं ओढली होती. पुसली होती म्हणा.) मग त्यांनी मूठ काढली आणि मिटलेलं तोंड उघडून विचारलं, "हे कोणी घासलं?" मी बोट वर केलं.

मग त्यांनी शांतपणे समजावलं. पात्याला पिढ्यान्पिढ्या धार लावतात, पण मुठीतला भाग कोणी कधीच घासत नाही. लोहार तिथे आपलं नाव कोरतो आणि त्यावर चढलेल्या गंजावरून तलवारीचं वय ओळखतात. "नाव आहे," ते म्हणाले, "पण ते जुनं आहे, हे आता मी कशावरून म्हणू? गंज असता तर कदाचित चारशे वर्षं म्हणालो असतो."

बिल रागावला असता तर मी भांडलो तरी असतो. त्याने फक्त विचारलं, "तू यातला तज्ज्ञ ना? तो गंज परत यायला किती वेळ लागेल?"

"चारशे वर्षं," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा मला गंज हवासा वाटला आणि स्वतःची भयंकर लाज वाटली.

तेवढ्यात माझ्यामागे उभी असलेली आमची मुलगी रिया म्हणाली, "बाबा, ग्रुपवर बिफोर-आफ्टर टाकलं होतंत ना? शो हिम द बिफोर."

मोरींनी माझ्या फोनवरचा तो फोटो मोठा करकरून पाहिला आणि अखेर मान हलवली. काम भागणार होतं, पण एका अटीवर. फोटोसोबत झाला प्रकार मी सहीनिशी लिहून द्यायचा आणि तो कागद कायम तलवारीबरोबर राहणार.

गेल्या महिन्यात तलवार जपानमध्ये तिच्या घरी पोचली. तिच्या कागदपत्रांत आता तीन नावं आहेत: जिथे ती जपली गेली त्या घराण्याचं, ज्याने ती घडवली त्या लोहाराचं, आणि ज्याने ती चिंचेने घासली त्याचं, म्हणजे माझं. नावापुढे व्यवसायाचाही रकाना होता. तिथे मला 'गंजतज्ज्ञ' असं लिहावं लागलं.