हजार वर्षांपूर्वीचं चुकलेलं भोक

मी बुडालेल्या जुन्या जहाजांचा अभ्यास करतो. मुरबाडला आमच्या घरी मात्र ‘पोरगा पाण्यात लाकडं शोधतो’ एवढंच माहीत आहे.

आज सकाळी बाबांना फोनवर एक फोटो दाखवला. हजारेक वर्षांपूर्वीच्या अरबी जहाजाची ती सागवानी फळी होती. तेव्हा फळ्या खिळ्यांनी ठोकत नसत, भोकं पाडून काथ्याने शिवत. या फळीतल्या एका भोकात लाकडी खुंटी आहे आणि शेजारीच दुसरं भोक. आमच्या टिपणात आम्ही त्याला ‘बांधणीची खास पद्धत’ म्हटलंय.

बाबांनी आयुष्यभर सुतारकाम केलं. चष्मा पुसून म्हणाले, “चुकला रे बिचारा. भोक भलतीकडं पडलं, मग खुंटी मारून बुजवलं. सागाची फळी कोण फेकून देतो? मी पण असंच करायचो.”

मग हळूच विचारलं, “जहाज त्या भोकामुळं नाय ना बुडालं?”

“नाय बाबा. खुंटी अजून घट्ट आहे.”

“मग बरं,” म्हणत त्यांनी गार झालेला चहा उचलला.

उद्या टिपण दुरुस्त करायचंय. ‘सुताराची चूक’ असं लिहायला मन धजत नाही. तुम्ही काय लिहिलं असतं?