लुकियाचा उघडा गळा

लुकिया हार्माश पोल्टाव्हाकडच्या एका खेड्यातली. तिची आई परास्का बिटाच्या शेतातून हाक मारायची, ती पलीकडच्या गावात ऐकू जायची. तो उघडा गळा लेकीनंही घेतला होता. खारकिव्हच्या संगीतशाळेत बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, "हा आवाज शेतात ठेवून ये. ऑपेरात कुणी हाका मारत नाही."

पोरगी जिद्दीची. तिनं खरंच ठेवला. आवाजाला गोलाई आणली आणि जन्मभर ऑपेरात दाया, सावत्र आया, जादूगारणी यांच्याच भूमिका गायल्या. नायिका काही झाली नाही, पण नायिकेचं तरी दाईवाचून कुठं चालतं? आई एकदाच ऐकायला आली. निघताना म्हणाली, "गोड गातेस गं. पण आवाजावरून कुणाची कोण ते कळलं नाही." लुकिया तेव्हा हसली, पण ते बोल तिला सलत राहिले.

परास्का गेली ती सफरचंदं उतरवायच्या दिवसांत. शवपेटी फाटकाबाहेर नेताना लेकीनं हाका मारून विलाप करायचा, ही तिथली रीत. नाहीतर मेलेल्याला वाटतं, आपल्यामागं कुणीच नाही. सगळं गाव लुकियाच्या तोंडाकडं बघत होतं. काहीजण तर खास तिचं गाणं ऐकायलाच आलेले, लाज नसलेले.

तिनं तोंड उघडलं, तर आवाज आला तो नाट्यगृहातला, भरदार, घोटलेला. मागून कुणीतरी "वा" म्हणालं. लुकियाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आईची शेजारीण तेक्ला मावशी पुढं आली. "लुके, गाऊ नकोस. आईला हाक मार."

"येत नाही मावशी. विसरले मी."

"आईला हाक मारायला शिकावं लागतं होय? समज, ती निघालीय बांधावरून. बोलाव तिला."

पेटी उचलली गेली. लुकिया धावली. "आई गं" एवढंच निघालं, तेही फाटकं, घोगरं. दुसऱ्या हाकेला गळा उघडला. मग पेटी वळणाआड गेली तरी ती हाका मारत राहिली. बायांनी डोक्यावरचे रुमाल डोळ्यांना लावले. या वेळी कुणी वा म्हटलं नाही.

दुपारी मयताच्या जेवणात मधातले गहू वाढत असताना पलीकडच्या गावचा पानास धापा टाकत आला. त्याला उशीर झाला होता.

"वाटेत परास्काची हाक ऐकली," तो म्हणाला. "म्हटलं, मग मेलं कोण?"

तेक्ला मावशीनं त्याच्या हातात वाडगा दिला. "तिची लेक आलीय घरी," ती म्हणाली.