आधी मॅगझिन, मग स्लाइड

पलटणीतून मी हवालदार म्हणून निवृत्त झालो. सध्या कुवेतमध्ये, वफ्राच्या एका फार्मवर सिक्युरिटी सुपरवायझर आहे. माझ्याकडे हत्यार म्हणाल तर एक टॉर्च, एक वॉकीटॉकी आणि परेड ग्राउंडवर कमावलेला आवाज. इथे आमच्यासारख्या परदेशी माणसाने बंदुकीला हात लावायचा नसतो. इतकी वर्षं रायफल वाहिल्यावर मला त्याचं वाईटही वाटत नाही.

फार्मचे मालक अबू फहद. आम्ही सगळे त्यांना बाबा म्हणतो. माणूस दिलदार, पण नव्या वस्तूचा सोस लहान पोरासारखा. ड्रोन झाला, वाळूत पळवायची गाडी झाली. त्या शुक्रवारी सकाळी गाडीतून उतरले ते खिसा थोपटतच. परवाना रीतसर होता. तो कसा मिळाला हे विचारणं माझ्या कामात बसत नाही.

"हवालदार, देखो. मोबाइल से छोटा!"

खिशातून आधी किल्ल्यांचा जुडगा निघाला, मग जपमाळ, मग पिस्तूल. माझं डोकं तिथेच सणकलं. किल्ली ट्रिगरमध्ये अडकायला कितीसा वेळ!

"पकडो."

"नाही बाबा. मेरा हाथ नहीं लगेगा. आप पकडो, मैं देखता हूं."

मी पाहिलं. तळहातात मावणारं काळं पिस्तूल. मूठ इतकी आखूड की बाबांची दोन बोटं बसली आणि करंगळी हवेत लोंबत राहिली. नेम धरायचा तो ठिपका जिऱ्याएवढा. नळीवरच्या सरकत्या स्लाइडची स्प्रिंग इतकी ताठ की ती ओढताना बाबांचा चेहरा लाल झाला आणि नळी माझ्या पोटाकडे वळली. बाजूला सेफ्टी कॅच शोधला. नव्हताच. बनवणाऱ्याने सगळी सोय खिशाची पाहिली होती, माणसाची नाही.

"कैसा है?"

"बाबा, पहले उसका मुंह रेत की तरफ करो."

मग वाळूच्या ढिगाऱ्यासमोर उभं करून त्यांना ड्रिल शिकवलं. आधी मुठीतलं गोळ्यांचं मॅगझिन काढायचं. मग स्लाइड ओढायची. मग नळीमागच्या चेंबरमध्ये डोळ्याने पाहायचं. मॅगझिन आत ठेवून स्लाइड ओढली की वरची गोळी चेंबरमध्ये चढते. त्यानंतर मॅगझिन काढलं तरी ती गोळी आतच बसलेली असते. दिसायला हत्यार रिकामं, असायला भरलेलं. बाबा दर वाक्याला "तमाम, तमाम", म्हणजे ठीक ठीक, म्हणत होते आणि दुसऱ्या हाताने फोन चाळत होते. रिक्रूट असते तर पाठीवर वजनदार पिट्टू बांधून ग्राउंडचे चक्कर मारायला लावले असते. इथे पगार तेच देतात, म्हणून क्रम पुन्हा पहिल्यापासून सांगितला.

दुपारच्या नमाजानंतर फार्मवरच्या तंबूत दिवाणिया भरला. दिवाणिया म्हणजे पुरुषमंडळींची बैठक. चहा, खजूर, गप्पा, आणि कोणी काही नवं घेतलं असेल तर ते हातोहात सगळ्यांकडे फिरतं. अत्तराची बाटली फिरते, घड्याळ फिरतं. त्या दिवशी पिस्तूल फिरणार हे मला सकाळीच कळायला हवं होतं. मी पाहुण्यांच्या गाड्या लावून घेत तंबूच्या दाराशी, आतल्या मंडळींकडे पाठ करून उभा होतो. चहा द्यायला रत्नागिरीकडचे रफीकभाई होते.

मागून आवाज आला. खटाक. मग टिक.

सैनिकाचा कान निवृत्त होत नाही. आधी स्लाइड, मग मॅगझिन. बाबांनी पाहुण्यांना तो रुबाबदार आवाज ऐकवला होता, आणि मग मॅगझिन काढून खजुरांच्या ताटाशेजारी ठेवलं होतं.

"खलास, सब खाली," असं म्हणत त्यांनी पिस्तूल पाहुण्या आलेल्या आपल्या चुलतभावाच्या हाती दिलं. मी वळलो तेव्हा त्याने एक डोळा मिटला होता, बोट ट्रिगरवर होतं, आणि नळीसमोर रफीकभाई वाकून पेल्यात चहा ओतत होते.

"थम!"

पलटणीत असा ओरडलो की अख्खी कंपनी थांबायची. तंबूही थांबला. मी पुढे होऊन पाहुण्याचं मनगट धरलं आणि नळी जमिनीकडे दाबली.

"बाबा, आप स्लाइड खींचो."

बाबांनी पिस्तूल हातात घेऊन ती ओढली. चेंबरमधली गोळी बाहेर उसळली आणि गालिच्यावर रफीकभाईंच्या पायाशी पडली.

पाहुण्याचं मनगट नोकराने धरलं होतं, दहा माणसांसमोर. बाबांचा चेहरा उतरला.

"बाहर जाओ," ते एवढंच म्हणाले.

बाहेर येऊन खजुराच्या झाडाखाली बसलो. नोकरी गेली असं धरूनच चाललो होतो. मागोमाग रफीकभाई आले.

"वो हवालदार, ती नळी माज्याकडंच होती ना?"

"होय."

ते ट्रे घेऊन माझ्याशेजारी खाली बसले. मला आमच्या पलटणीतला नाईक हणमंत आठवत होता. आम्ही पिकेटवरून, म्हणजे पुढच्या चौकीवरून, परतलो होतो. त्याच्यामागे उभ्या जवानाने रायफल रिकामी केली, दोन्ही कामं केली, फक्त उलट्या क्रमाने. मग रिकामी समजून ट्रिगर दाबला. हणमंत बाकावर बसून बुटाचे बंद सोडत होता. एक बूट निघाला होता. त्यानंतर आमचे ड्रिल शिकवणारे उस्ताद तो क्रम रोज आमच्याकडून ओरडून म्हणून घ्यायचे. शत्रूच्या गोळीने गेलेल्यांचं दुःख होतं, हणमंतच्या जाण्याचा मात्र मला अजून राग येतो.

पाहुणे गेल्यावर बाबा आले. पिस्तूल रुमालात गुंडाळलेलं. मला वाटलं, हिशोब करायला आले. ते वाळूच्या ढिगाऱ्यासमोर जाऊन उभे राहिले.

"हवालदार. पहले क्या?"

"पहले मॅगझिन, बाबा."

"फिर?"

"फिर स्लाइड. फिर आंख से देखो."

त्यांनी केलं. पुन्हा केलं. फोन वाजला, तो त्यांनी उचलला नाही. आता दर शुक्रवारी ते आधी ढिगाऱ्यापाशी जातात. पिस्तूल अजूनही किल्ल्यांबरोबर त्याच खिशात ठेवतात. तसं ठेवू नका, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं.

त्या दिवशी जाताना त्यांनी विचारलं, "ये तुमको किसने सिखाया?"

उस्तादांचं नाव ओठांवर आलं होतं.

"हणमंतने," मी म्हणालो.