चार नंबरची सोनेरी चप्पल

बायकोच्या चपलेचा नंबर मला माहीत नव्हता. हे कळलं तिच्या तेरवीच्या दोन दिवस आधी, नांदेडच्या वजिराबादेत, एका चपलांच्या दुकानात उभा असताना. मी स्वतः तेव्हा अनवाणी होतो. अग्नी मीच दिला होता आणि तेरवीपर्यंत पायात काही घालायचं नाही, असं माझ्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं, बजावलं होतं.

खरं तर तिचे पाय मला माझ्या पायांपेक्षा जास्त माहीत होते. तिला शुगर होती. चार वर्षांपूर्वी ती एका देवळात भर दुपारी तापलेल्या फरशीवरून प्रदक्षिणा घालून आली. घरी येऊन पाय वर घेऊन बसली, तेव्हा दोन्ही तळव्यांवर टरारून आलेले फोड मला दिसले. तिला काहीच जाणवलं नव्हतं. लातूरच्या डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला सांगितले आणि एक बारीक नायलॉनचा धागा तळव्याला दहा ठिकाणी टेकवला. तिला तो तीनच ठिकाणी कळला.

तेव्हापासून रोज संध्याकाळी तिचे पाय माझ्याकडे आले. शाळेतून निवृत्त झालो होतो, वेळ होता. पाणी कोमट आहे का ते मी कोपर बुडवून पाहायचो, कारण तिच्या पायाला विचारण्यात अर्थ नव्हता. धुतल्यावर बोटांच्या बेचक्या मऊ फडक्यानं कोरड्या करायच्या. टाचांना खोबरेल लावायचं, बेचक्यांत नाही. नखं सरळ कापायची, कोपरे खोदायचे नाहीत. मग चष्मा लावून तळवा उजेडाकडे धरून बघायचं. कुठं लाल आहे का, कुठं कातडी निबर झाली आहे का.

"काय वाचायलात एवढं?" ती म्हणायची. "उद्या पेपर आहे का?"

ती जळकोटकडची. एरवी माझ्याशी पुस्तकी बोलायची, चिडवताना मात्र माहेरची भाषा यायची.

चपलाही डॉक्टरांनीच लिहून दिल्या. आतून मऊ, पुढून रुंद, मागं पट्टा. लातूरमध्ये एक कारागीर अशा चपला मापावर करून देत असे. त्यानं तिला खाकी कागदावर उभं केलं, पेन्सिल उभी धरून दोन्ही पावलांच्या कडेनं रेघ फिरवली आणि त्या रेघेवरून काळी जोडी केली. कागदावर नंबर नव्हता, नुसती दोन पावलं होती. तो कागद मी मागून घेतला आणि घरी एका जाड शब्दकोशात ठेवून दिला. दर वर्षी नवी जोडी लागली की कागद घेऊन लातूरला जायचं. त्यामुळे नंबर विचारण्याची वेळच आली नाही.

"ही चप्पल नाही, बैलगाडी आहे," ती म्हणायची. पण घालायची. घरातसुद्धा, पलंगापासून न्हाणीपर्यंतसुद्धा. अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही, हा नियम मीच केला होता.

दोन वर्षांपूर्वी लातूरला तिच्या भाचीचं लग्न होतं. आदल्या आठवड्यात वजिराबादेतल्या याच दुकानाच्या काचेत तिला एक चप्पल दिसली. सोनेरी बारीक पट्ट्या, दोन बोटं उंच टाच. ती थांबली.

"एका दिवसासाठी," ती म्हणाली. "मांडवात घालते आणि काढून ठेवते."

मी नाही म्हणालो. नुसतं नाही म्हणालो असतो तर बरं होतं. मी समजावून सांगितलं. उंच टाचेनं सगळा भार चवड्यावर येतो, बारीक पट्टी रुतली तरी तिला कळणार नाही, एका दिवसात जखम होते आणि ती भरायला महिने जातात. सगळं बरोबर होतं. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "बरं सर."

लग्नात ती एका खुर्चीवर पाय साडीच्या निऱ्यांत ओढून बसून राहिली. फोटोच्या वेळी मागच्या रांगेत गेली. संध्याकाळी मी तळवे पाहिले, कुठं लाल ठिपकासुद्धा नव्हता. मला समाधान वाटलं होतं, हे इथं लिहायला हवं.

ती गेली हृदयविकारानं, सकाळी चहा गाळताना. पायांना ओरखडाही नव्हता. तिच्या पायांचे अंगठे बांधायला लागले तेव्हा मी म्हणालो, "सैल बांधा, दोरा रुतेल." बांधणाऱ्यानं माझ्याकडे पाहिलं आणि खरंच गाठ सैल केली.

अक्का शिरूर अनंतपाळहून आली होती. दहावा झाल्यावर तिनं मला समोर बसवून सांगितलं, "अहेव गेली ती. तेरवीला सवाष्ण जेवू घालायची, तिच्या नावानं तिला साडी-चोळी, बांगड्या, कंगवा-आरसा द्यायचा. आन् पायातलं. ते तूच आण, तिच्या आवडीचं. तिकडं बिचारीला अनवाणी चालाया लावू नको."

मी या गोष्टी फारशा मानणारा माणूस नाही. पण 'अनवाणी' हा शब्द अक्कानं उच्चारला आणि मी उठलो, शब्दकोशातून तो कागद काढला.

बाजारापर्यंतच्या वाटेवर मी एकाच प्रश्नात अडकलो होतो. कोणती घ्यायची? काळी घेतली तर चार वर्षांची शिक्षा पुढंही चालू राहणार. सोनेरी घेतली तर तिकडच्या वाटेवर ती चावली तर? तिकडं शुगर असते का? पाय असतात का? इतकी वर्षं मुलांना नीट विचार करायला शिकवलेला माणूस मी, आणि हे प्रश्न मला खुळचट वाटत नव्हते. डांबर तापलेलं होतं. लोक माझ्या पायांकडे पाहून बाजूला होत होते.

"या सर. कितीचा नंबर?" दुकानदार माझ्या पायांकडे पाहत म्हणाला.

"मला नको. बायकांची हवी आहे."

"मग मॅडमला घेऊन या ना. सांजच्याला आणा, दिवसभरात पाय जरा फुगतात, माप बरोब्बर बसतं."

"त्या नाहीत आता," मी म्हणालो.

त्यानं पुन्हा माझ्या अनवाणी पायांकडे पाहिलं आणि हातातला डबा खाली ठेवला. मी कागद पुढं केला. त्यानं तो मोजपट्टीवर अंथरला, टाचेच्या रेघेपासून अंगठ्यापर्यंत बोट नेलं. "चार."

चार. एवढंच होतं ते.

तशीच सोनेरी जोडी अजून येत होती. तळ अंगठ्यानं दाबून पाहिला. लाकडासारखा होता. जोडी खाली ठेवली, पुन्हा उचलली. शेवटी मी सोनेरीच घेतली, आणि घरी येईपर्यंत तिला डॉक्टरांच्या सांगण्याविरुद्ध चालायला लावल्यासारखं वाटत राहिलं.

तेरवीला सवाष्ण म्हणून शेजारच्या वहिनी बसल्या. रोज पहाटे त्या आणि ही बरोबर फिरायला जायच्या. वहिनी उंच, हाडापेरानं थोराड. जेवण झालं, ओटी भरली, अक्का म्हणाली, "घाल गं पायात. घालूनच उंबऱ्याभायेर जायचं."

वहिनींनी पाय घातला. चवडाच गेला. अर्धी टाच मागं बाहेर राहिली.

"बाबा, कुणाचं माप आणलंस रे हे?" अक्कानं विचारलं.

"तिचं," मी म्हणालो.

"आरं देवा! घालणारीचं माप आणायचं असतंय. तिकडं कोण घालून बघनार हाय?"

मागच्या खोलीत कुणी तरी हसलं आणि लगेच खोकलं. वहिनी मात्र हसल्या नाहीत. तशाच, टाच लोंबकळत ठेवून, भिंतीला धरून पायऱ्या उतरल्या आणि आपल्या फाटकापर्यंत गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी बूट घातले तेव्हा उजव्या टाचेला फोड असल्याचं कळलं. मला शुगर नाही. तरीही तीन दिवस तो मला जाणवला नव्हता.

चौथ्या दिवशी वहिनी चपलेचा डबा घेऊन आल्या. "भाऊजी, रागावू नका. ठेवून दिली तर तिचं घातल्यासारखं होत नाही, आणि घालावी तर जात नाही. नंबर बदलून मिळंल का? माझा सात आहे." मग हळूच म्हणाल्या, "दानाचं बदलतं का पण?"

असलं अक्कालाच विचारायचं. अक्का परत गेली होती. मी दुकानात गेलो.

"ह्यात सात येत नाही सर, सहालाच संपतं," दुकानदार म्हणाला आणि त्यानं दुसरा डबा उघडला. डाळिंबी रंगाची चप्पल, पट्ट्यावर सोनेरी बारीक वेल, मागं नाजूक पट्टा. सवयीनं मी अंगठा दाबला. तळ आत गेला आणि सावकाश वर आला. हा दाब मला ओळखीचा होता.

"हे तर..."

"हां सर, शुगरवाल्यांचंच. फक्त वरून फॅन्सी."

"कधीपासून येतं हे?"

"लई दिवस झाले. पाच-सहा वर्षं तर असतील. लोक विचारत न्हाईत. डॉक्टरची चिठ्ठी म्हणलं की काळीच मागतात."

मी स्टुलावर बसलो. त्यानं पाणी आणून दिलं. या दुकानाच्या काचेसमोर उभं राहून मी तिला सगळं समजावून सांगितलं होतं. दार ढकलून आत येऊन एक प्रश्न तेवढा विचारला नव्हता.

"चारमध्ये आहे?" मी विचारलं.

त्यानं काढून दिली. मी खिशातला कागद घडी उलगडून तिच्यावर ठेवला. रेघ सगळीकडून आत बसली, पुढं अंगठ्याएवढी जागा उरली. डॉक्टर सांगायचे तेवढीच.

"ही पण पॅक करू?"

"कुणासाठी?" मी त्यालाच विचारलं. त्यानं चारची जोडी डब्यात घातली आणि डबा फळीवर सरकवला. सोनेरीही तिथंच परत गेली. मी डाळिंबीतला सात नंबर घेऊन घरी आलो.

त्या संध्याकाळी अक्काला फोन केला आणि सगळं सांगितलं.

"दिलं ते दिलं. पोचलं ते पोचलं," अक्का म्हणाली.

"पण कुठली पोचली, अक्का? सोनेरी की ही?"

"मला काय ठाऊक, बाबा," ती म्हणाली. "चावत असंल तर सोनेरी असंल."

वहिनी आता रोज पहाटे एकट्याच फिरायला जातात. डाळिंबी चपला घालतात. मी ओसरीवरून त्यांच्या पायांकडे बघतो. मऊ तळाचा आवाज होत नाही, म्हणून लक्ष ठेवून बसावं लागतं.