लोंबोकच्या बेटावरचं चौथं ताट

असे अनुभव वाचताना मी आजवर फक्त त्यातल्या चुका शोधत आलोय. सवयच तशी – लातूरच्या एका क्लासमध्ये अठरा वर्षं गणित शिकवतोय. भूत, नजर, अंगात येणं यातलं आमच्या घरात काही चालत नाही. माझी बायको वैशाली तर माझ्यापेक्षा कडक. त्यामुळे हे लिहितोय ते कुणाला काही पटवायला नाही. घडलं तसं सांगतो… कुणाला उलगडा सुचला तर मला तो हवाच आहे.

आधी अक्काबद्दल सांगायला पाहिजे. अक्का म्हणजे माझी मोठी बहीण, माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. मी पाचवीत असताना आई-वडील दोघंही गेले. अक्का तेव्हा नवरा वारल्यामुळे लातूरजवळच्या मुरुडला माहेरी परत आलेली होती. तिनंच मला वाढवलं, शिकवलं. गावातल्या शाळेत ती पोरांसाठी खिचडी शिजवायची. दोनशे पोरांच्या पातेल्यात मीठ नुसत्या मुठीनं टाकायची आणि ते कधी चुकलेलं मला आठवत नाही. तिची एक खोड – कुणाच्याही घरी गेली की सरळ स्वयंपाकघरात शिरून पातेल्यावरचं झाकण उचलून बघणार. आता गुडघे गेलेत. काम सोडलं, मुरुडला एकटीच असते.

इंडोनेशियाला जायचं खूळ मुळात तिचंच. माझ्या मुलीनं, ऋचानं, तिला मोबाईलवर स्वयंपाकाचे व्हिडिओ बघायला शिकवलं होतं. त्यात तिला तिकडच्या बायका सापडल्या. केळीच्या पानात मसाला लावून वाफवणाऱ्या, पाट्यावर मिरच्या वाटणाऱ्या. “बापू, ह्या बाया आपल्यासारखंच शेंगदाणे कुटायल्यात बघ,” असं म्हणून मला फोन करायची. टेम्पे, सांबल, गाडोगाडो… तिकडच्या पदार्थांची नावं तिला पाठ झाली होती. मीच एकदा बोलून गेलो, चल, दिवाळीच्या सुट्टीत जाऊ सगळे. तिनं खरं धरलं. अंगठा न देता सही करून पासपोर्ट काढला.

निघायच्या आठ दिवस आधी टूरवाल्याचा फोन आला. बेटावर जाताना बोटीतून गुडघाभर पाण्यात उतरावं लागेल, म्हणाला. वैशालीनं सहज विचारलं, “अक्कांना जमेल का हो?” मला तेवढं निमित्त पुरलं. खरं सांगायचं तर मला नीट फिरायचं होतं. दर दहा पावलांवर थांबायचं नव्हतं.

मुरुडला गेलो आणि अक्काला म्हणालो, “तुझा व्हिसा आला नाही.”

इंडोनेशियाचा व्हिसा आपल्याला तिथं विमानतळावर उतरल्यावरच मिळतो. तो यायचा-न यायचा प्रश्नच नव्हता. पण तिला ते कुठून कळणार, असं मी धरून चाललो होतो.

तिची पिशवी भरून तयार होती. तिनं तिची गाठ सोडली. मग पिशवीतून शेंगदाण्याच्या चटणीचा डबा काढून माझ्या हातात दिला. “जा तुम्ही. पोरीचा हिरमोड नको. त्यांची चटणी चांगली का आपली, तेवढं खाऊन सांग.”

हैदराबादहून आम्ही तिघं बालीला पोचलो. पहिल्या दिवशी दुपारी एका छोट्या खानावळीत जेवायला बसलो – तिकडे वारुंग म्हणतात. चार खुर्च्यांचं टेबल. तिथल्या बाईनं चार ताटं आणली. मधे भाताची मूद, भोवती चार-पाच प्रकार. मी तीन बोटं दाखवली. तिनं रिकाम्या खुर्चीकडे बघितलं, मग बाहेर रस्त्याकडे, आणि हसून एक ताट परत नेलं. गैरसमज, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी वेगळ्या गावात, वेगळ्या वारुंगमध्ये परत चार ताटं. संध्याकाळी आमचा ड्रायव्हर आम्ही गाडीत बसल्यावरही मागचं दार धरून उभाच राहिला. बराच वेळ. मग हळूच लावलं, एखाद्या म्हाताऱ्या बाईच्या साडीचा पदर अडकू नये म्हणून लावतात तसं. वैशाली माझ्याकडे बघत राहिली. मी म्हणालो, हॉटेलनं चार जणांची नोंद दिली असेल. खरंच तसं असेल असं मला वाटलं. आधी अक्काचंही नाव होतंच की बुकिंगमध्ये.

पण वारुंगवाल्यांना कुठलं बुकिंग माहीत…

चौथ्या दिवशी बालीशेजारच्या लोंबोकहून एका लहान बेटावर गेलो. तिथं मोटारी नाहीत, टांगे चालतात. किनाऱ्याजवळ एका बाईची खानावळ होती. पन्नाशीची, डोक्याला स्कार्फ, हसरी. ‘सलाम’ म्हणाली तर अर्धापूरला माझ्या आजोळी शेजारच्या मुस्लिम घरातलं कुणी बोलल्यासारखं वाटलं. आम्ही बसायच्या आधीच ती आतून एक उंच लाकडी खुर्ची घेऊन आली, टेबलाच्या चौथ्या बाजूला ठेवली आणि खुर्चीशी कुणाला तरी आधार दिल्यासारखा हात धरला.

मग चार ताटं मांडली. ह्या वेळी मी बोटं दाखवली नाहीत.

ऋचानं मोबाईलवरच्या भाषांतराच्या ॲपवर विचारलं, चौथं ताट कुणाचं? बाईनं फोनमध्ये बोलून दाखवलं. ऋचानं वाचलं आणि फोन माझ्याकडे दिला. स्क्रीनवर इंग्रजीत होतं – मोठ्या बाईंचे पाय दुखतात, त्यांना उंच खुर्ची बरी.

मी विचारलं, कोणत्या बाई? ती थोडी गोंधळली. मग परत बोलली. तुमच्यासोबत आल्या त्या. आल्या आल्या माझ्या चुलीजवळ गेल्या आणि भांड्याचं झाकण उचलून बघितलं. मी रागावले नाही. माझी आईसुद्धा असंच करायची.

वैशाली रडायला लागली. मी ताबडतोब अक्काला फोन लावला. माझ्या डोक्यात नको तेच आलं होतं. पण अक्कानं उचलला. आवाज जड होता.

“झोपले होते रे. चार दिस झाले, नुसती झोपच यायलीय. शेजारची पोरगी हलवून उठवून खाऊ घालती.”

“ताप आहे का?”

“न्हाई. बरी हाय मी. खाल्लंस का तू?”

त्या चौथ्या ताटात भात होता, नारळ लावलेली पालेभाजी, टेम्पे म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या तळलेल्या वड्या आणि गोड म्हणून हिरवे गोळे – तोंडात टाकला की आतला गूळ फुटतो. आम्ही त्याला हात लावला नाही. कुणीच लावला नाही.

दुसऱ्या दिवशी निघताना ती बाई किनाऱ्यावर आली. आम्ही पाण्यात उतरून बोटीत चढलो. ती तिथंच उभी, एक हात कोपरात वाकवून, जणू कुणी तिच्या हाताला धरून उभं आहे. ती त्या बाजूला वळून काहीतरी बोलत होती. मग आमच्याकडे बघून जोरात हात हलवायला लागली. या, परत या, असा. इंजिन सुरू झालं होतं. मी बोटवाल्याला थांब म्हणालो नाही.

बालीत परतल्यावर सगळीकडे तीनच ताटं आली. मला हायसं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

घरी आल्यावर आधी मुरुडला गेलो. अक्का उठून बसलेली, झोप गेली होती. पण चेहरा उतरलेला. तिनं माझ्यासाठी पिठलं केलं होतं. त्यात मिठाचा कणही नव्हता. मी म्हणालो तर ती म्हणाली, “मला चव लागत न्हाई आता. कशाचीच.” मग भाकरी मोडता मोडता सहज म्हणाली, “ते हिरवे गोळे लई सुंदर दिसत होते. मला कुणी खा म्हणलंच न्हाई.”

आम्ही तिला एकही फोटो दाखवला नव्हता. ऋचानं शपथेवर सांगितलं, तिनंही पाठवला नव्हता. व्हिडिओत कधीतरी बघितले असतील, मी मनाला सांगितलं.

लातूरला तपासण्या केल्या. रक्त, डोकं, नाक, सगळं नॉर्मल. तरी अन्न जाईना. संक्रांतीपर्यंत तिचे ब्लाऊज अंगावर लोंबायला लागले. एक दिवस दवाखान्यातून येताना मी रिक्षा थांबवली आणि सांगून टाकलं, की व्हिसाचं मी खोटं बोललो.

ती रस्त्याकडे बघत राहिली. “ठावं हाय. तिथं उतरल्यावरच देत्यात म्हणं. पासपोर्ट द्यायला आलेल्या पोस्टातल्या पोरीनं सांगितलं होतं.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू पाचवीतनं खोटं बोलतोस बापू. कधी बोलले का मी?”

फेब्रुवारीत, ऐन परीक्षेच्या हंगामात, रजा टाकली. क्लासच्या मालकांचं तोंड वाकडं झालं, होऊ दे. मी आणि अक्का, दोघंच परत त्या बेटावर गेलो. बोटीतून मी अक्काला पाठीवर घेऊन पाण्यात उतरलो. किती हलकी झाली होती…

खानावळीच्या दारात पोचलो तसं त्या बाईनं अक्काला पाहिलं. दचकली नाही. चुलीजवळच्या उंच खुर्चीकडे बघितलं, परत अक्काकडे बघितलं आणि डोळे पुसत आता रिकामी झालेली ती खुर्ची आत ठेवून आली. मग अक्काला साध्या बाकावर बसवलं आणि भात वाढला. अक्कानं पहिला घास घेतला. बराच वेळ चावला.

“मीठ जरा जास्त हाय,” ती म्हणाली.

त्या दिवसापासून तिला चव लागते. वजनही भरलं. डॉक्टर म्हणतात, कधी कधी आपोआप जातं असं दुखणं. जात असेल.

मागच्या महिन्यात मी धीर करून तिला विचारलंच, “अक्का, तू तेव्हा तिथं कशी आली होतीस?” ती लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, “मी कशाला येऊ? मी घरीच पडून होते. तूच मला नेलंस, अन् तूच ठेवून आलास.”

ह्याचं काय करायचं, मला अजून कळलेलं नाही.